लोगो इंग्रजीत, पाटी कायद्यापुरती

मंडळी, आजचा लेख जरा तापलेल्या डोक्याने लिहितोय, तेव्हा सांभाळून घ्या. विषय आहे 'ब्रँड आयडेंटिटी', म्हणजे धंद्याचा चेहरा. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे: महाराष्ट्रात धंदा करणाऱ्या, मराठी माणसाच्या खिशातून पैसे घेणाऱ्या बऱ्याचशा नव्या कंपन्यांना अर्धाच चेहरा आहे. रोमन लिपीतला अर्धा चेहरा भरपूर पैसे मोजून, सहा-सहा मीटिंगा घेऊन घडवलेला. आणि देवनागरीतला अर्धा फ्लेक्सवाल्याने दुपारच्या जेवणाआधी उरकलेला.

आता कुणी म्हणेल, हा सॉफ्टवेअरवाला, याला डिझाईनमधलं काय कळतं? बरोबर आहे. पण डिझायनरने काढलेलं चित्र शेवटी स्क्रीनवर उतरवतो कोण? आम्हीच. त्यामुळे कुठे काय फाटतं ते आम्हाला फार जवळून दिसतं.

आधी ब्रँड आयडेंटिटी म्हणजे काय, ते बघू. एजन्सीच्या प्रेझेंटेशनमध्ये ती फार गूढ गोष्ट असते. 'हा वक्र म्हणजे आमची महत्त्वाकांक्षा, हा ठिपका म्हणजे ग्राहक, आणि मधली पोकळी म्हणजे विश्वास.' अरे बाबा, तो ठिपका आहे! नायकेची ती जगप्रसिद्ध खूण १९७१ साली कॅरोलिन डेव्हिडसन नावाच्या विद्यार्थिनीने काढली, तिला तेव्हा मिळाले ३५ डॉलर. त्या खुणेत पहिल्या दिवशी काहीही अर्थ नव्हता. अर्थ आला तो पुढची पन्नास वर्षं तीच खूण, त्याच आकारात, त्याच जागी दिसत राहिली म्हणून. ब्रँड म्हणजे ओळख, आणि ओळख पुन्हा पुन्हा भेटण्यातून होते. शेजारच्या काकांना आपण लांबून चालण्यावरून ओळखतो ना, तसंच.

ही ओळख मोडली की काय होतं, त्याचं उदाहरण ट्रॉपिकानाचं. २००९ च्या सुरुवातीला अमेरिकेत या रसाच्या खोक्यावरचं जुनं चित्र, संत्र्यात खुपसलेली स्ट्रॉ, काढून टाकलं आणि त्या जागी चकचकीत नवं डिझाईन आणलं. आतला रस तोच होता. पण लोकांना फडताळावर आपला नेहमीचा खोका सापडेना! दोन महिन्यांच्या आत विक्री सुमारे वीस टक्क्यांनी घसरली आणि कंपनीने मुकाट्याने जुनं डिझाईन परत आणलं. पुढच्या वर्षी गॅप या कपड्यांच्या कंपनीने नवा लोगो आणला आणि आठवडाभरात मागे घेतला.

आता पुढची पायरी. ग्राहकाला तुमचा लोगो दिवसातून किती वेळ दिसतो? फार थोडा. त्याला दिसतात ती तुमची अक्षरं. बिलावर, अ‍ॅपमध्ये, डिलिव्हरीच्या खोक्यावर, दुकानाच्या पाटीवर, बसच्या पाठीवर. म्हणून ज्यांना हे कळलं त्यांनी अक्षरांवर मेहनत घेतली. लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी फ्रँक पिक या अधिकाऱ्याने एडवर्ड जॉन्स्टन या सुलेखनकाराकडून खास अक्षरं करून घेतली. ती १९१६ पासून वापरात आली आणि शंभर वर्षांनी, २०१६ साली, त्यांचीच डागडुजी करून पुढे चालू ठेवली. स्टेशनचं नाव झाकून एखादं अक्षर दाखवलं तरी लंडनचा माणूस सांगेल, हे आमच्या ट्यूबचं! आणि कोका-कोलाचा अरबी लोगो कधी पाहिलाय? अरबीतलं एक अक्षर येत नसलं तरी ओळखता येतं. लिपी बदलली, ती उजवीकडून डावीकडे झाली, पण लय तीच राहिली. कुणीतरी बसून ते काम केलं म्हणून.

तर आता आपल्याकडे या.

गेल्या काही वर्षांत कामाच्या निमित्ताने अनेक 'ब्रँड बुक' माझ्या हाताखालून गेली. चाळीस चाळीस पानं. लोगोभोवती किती मोकळी जागा सोडायची, निळा नेमका कुठला निळा, 'आमचा आवाज मैत्रीपूर्ण पण आत्मविश्वासू आहे' वगैरे वगैरे. सगळं छान. मी दरवेळी शेवटपर्यंत जातो आणि देवनागरी शोधतो. नसतेच. कंपनीचं ऑफिस पुण्यात, गिऱ्हाईक नाशिक, सोलापूर, ठाण्याचं, जाहिराती मराठीत, अ‍ॅपमध्ये 'भाषा निवडा' आहे. आणि ब्रँड बुकात देवनागरीसाठी एक ओळ नाही! एका ठिकाणी मी विचारलं, "मराठी मजकुराला फॉन्ट कुठला?" उत्तर आलं, "जो दिसेल तो."

जो दिसेल तो. हे वाक्य इंग्रजी मजकुराबद्दल त्या खोलीत कुणी उच्चारलं असतं तर त्याला दुसऱ्या दिवशी नोकरी राहिली नसती.

यात कायद्याने एक मजा केली. मार्च २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती झाली आणि मराठी पाटीची सक्ती लहान दुकानांनाही लागू झाली. शिवाय मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत असंही ठरलं. व्यापारी न्यायालयात गेले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दोन महिन्यांत पाट्या लावायला सांगितलं. मग काय, धावपळ! आता कुठल्याही मोठ्या रस्त्यावर फिरून बघा. मूळ इंग्रजी लोगो पितळेच्या उठावदार अक्षरांत, मागून मंद दिवा. आणि बाजूला देवनागरी नाव: सपाट स्टिकर, कॉम्प्युटरमध्ये आधीपासून असलेला कुठलातरी फॉन्ट, आडवा ताणून इंग्रजीएवढा रुंद केलेला. उंची मोजून बरोबर. कायदा पाळला, ब्रँडची मात्र त्याच पाटीवर वाट लावली.

दंड टाळायला पाटी लावली हे लांबूनही कळतं हो! आणि त्यातून गिऱ्हाईकाला काय निरोप जातो? 'तुझी भाषा आमच्या दारात इन्स्पेक्टरमुळे आली आहे.'

पाटी निदान एकाच ठिकाणी टांगलेली असते. स्क्रीनवर तर धिंगाणाच. जरा तांत्रिक बोलतो, पण कंटाळू नका, कारण यातली प्रत्येक गोष्ट तुम्ही पाहिलेली आहे, फक्त कारण माहीत नसेल.

एक. कंपनी इंग्रजीसाठी सुंदर फॉन्ट घेते. त्यात देवनागरी अक्षरं नसतात. मग ब्राउझर काय करतो? त्या त्या यंत्रात जो देवनागरी फॉन्ट असेल तो उचलतो. जुन्या विंडोजवर मंगल, नव्यावर निर्मला, अ‍ॅपलवर कोहिनूर, अँड्रॉइडवर नोटो. म्हणजे तुमच्या मराठी गिऱ्हाईकाला तुमची कंपनी प्रत्येक यंत्रावर वेगळ्या चेहऱ्याने भेटते. यातला एकही चेहरा तुमचा नाही.

दोन. इंग्रजी मथळ्यांत अक्षरं जरा लांब लांब ठेवायची फॅशन आहे. तोच नियम मराठीला लागला की शिरोरेषेचे तुकडे होतात. प्रत्येक अक्षर आपली आपली टोपी घालून वेगळं उभं, जणू एकमेकांशी भांडण झालंय.

तीन. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या मापाने. 'सर्वांनी' या शब्दात 'र्वां'च्या डोक्यावर रफारही आहे आणि अनुस्वारही. 'ट्रू'च्या पायाखाली र आणि उकार. दोन्हीकडून कापलं जातं. बटणावरच्या मराठी शब्दांची वेलांटी छाटलेली दिसते ती यामुळे.

चार. ठळक अक्षरं. देवनागरीचं ठळक वजन दिलेलंच नसतं, मग ब्राउझर साध्या अक्षरालाच शाई फासून जाड करतो. 'क्ष', 'ज्ञ', 'द्ध' यांचा नुसता काळा ठिपका होतो. शिवाय देवनागरीत कॅपिटल अक्षरं नसतात. इंग्रजीत जिथे सगळं कॅपिटल करून जोर दिलाय तिथे मराठीत जोर कशाने द्यायचा, याचा विचार कुणीच केलेला नसतो.

पाच. जाहिरातींचा कहर. युनिकोडमध्ये 'कि' साठवताना आधी क येतो, मग वेलांटी. वेलांटी उचलून डावीकडे बसवणं हे सॉफ्टवेअरचं काम. डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठीची सोय चालू केली नसेल तर वेलांटी आपली चुकीच्या बाजूला लटकते, जोडाक्षरं सुटी पडतात. असलं भगदाड पडलेली भली मोठी होर्डिंग्ज शहराच्या चौकात लागलेली मी स्वतः पाहिली आहेत. ती डिझायनरने पाहिली, मॅनेजरने पाहिली, छापणाऱ्याने पाहिली, आणि एकालाही खटकलं नाही?

सहा. नावाचं स्पेलिंग. समजा कंपनीचं नाव 'कॅनव्हास' आहे. पाटीवर 'कॅनव्हास', पावतीवर 'कैनवास', जाहिरातीत 'केनवास'. हिंदीवाल्या एजन्सीने 'कै' लिहिलं, कुणाला ॅ टाईप करता आला नाही, कुणी गूगलवरून उचललं. इंग्रजी नावात एक अक्षर इकडचं तिकडे झालं असतं तर वकिलाचं पत्र आलं असतं.

सात. हा मराठी माणसालाच टोचणारा मुद्दा: ल आणि श. पाकळीचा ल आणि देठाचा श ही मराठीची वळणं. २००९ च्या शासन निर्णयाने तीच प्रमाण ठरवली. युनिकोडमध्ये मराठी आणि हिंदी वळणाला एकच क्रमांक आहे, पण काही चांगल्या फॉन्टांत मराठी आकार आत भरलेले असतात. पानाची भाषा 'मराठी' अशी नीट सांगितली की ते आपोआप येतात. एका ओळीचं काम! करतं कोण?

यावर मला नेहमी चार उत्तरं मिळतात. चारही ऐकून कान किटलेत, म्हणून एकेक घेतो.

पहिलं: 'आमचा टार्गेट ऑडियन्स इंग्रजी वाचतो.' वाचतो ना. मीही वाचतो. पण प्रश्न वाचता येण्याचा नाहीच. देवनागरी तुमच्या पाटीवर आहे, जाहिरातीत आहे, अ‍ॅपमध्ये आहे. ती गिऱ्हाईकाला दिसतेच आहे. ठेवायची की नाही हा निर्णय कधीच होऊन गेला. उरलाय तो फक्त चांगली ठेवायची की घाणेरडी, एवढाच. एक मात्र कबूल. पुण्यात बसून फक्त ओहायोतल्या कंपन्यांना सॉफ्टवेअर विकत असाल, तर तुमच्या ब्रँड बुकात देवनागरी नसली म्हणून माझी काही तक्रार नाही. दारावरची पाटी तेवढी नीट लावा, म्हणजे झालं.

दुसरं: 'देवनागरी मॉडर्न दिसत नाही.' या वाक्याने माझं डोकं फिरतं. मित्रांनो, कमल शेडगे यांचं नाव ऐकलंय? २०२० साली ते गेले. मराठी नाटकांच्या जाहिरातींतली नावं त्यांनी वर्षानुवर्षं हाताने घडवली. विनोदी नाटकाचं अक्षर खट्याळ, शोकांतिकेचं अक्षर जड. पेपरात दोन इंचांच्या जागेत, काळ्या-पांढऱ्यात! एका नजरेत नाटकाची जात कळायची. याला ब्रँड आयडेंटिटी म्हणत नाहीत तर कशाला म्हणतात? देवनागरीच्या अंगात काय ताकद आहे ते मराठी रंगभूमीच्या जाहिरातींनी आपल्याला रोज सकाळी चहाबरोबर दाखवलंय. तुम्ही देवनागरी फक्त वाईट फॉन्टात पाहिलीत आणि दोष लिपीला दिलात.

आणि ज्या मंगलला आपण नावं ठेवतो, तो कुणी केला माहितेय? र. कृ. जोशी यांनी. आधी जाहिरात क्षेत्रात कला दिग्दर्शक, मग पवईच्या आयआयटीत शिक्षक, कवी, सुलेखनकार. २००८ साली गेले. विंडोज २००० बरोबर मंगल आला आणि आपल्यासारख्यांना स्क्रीनवर युनिकोड मराठी दिसायला लागलं. त्या काळच्या जाड्याभरड्या स्क्रीनवर मजकूर वाचता यावा, यासाठी केलेलं ते काम. त्याला पंचवीस वर्षांनी तुमच्या शोरूमच्या पाटीवर आडवं ताणून लावा, असं जोशी सरांनी कुणालाही सांगितलं नव्हतं.

तिसरं: 'बजेट नाही.' हे तर सपशेल खोटं. मुंबईच्या एक टाइप या मंडळींचे मुक्ता, बालू, मोदक हे देवनागरी फॉन्ट फुकट आहेत. खुल्या परवान्याचे, धंद्यासाठी वापरायलाही मोकळे. पॉपिन्स तर निम्म्या स्टार्टअपच्या अंगावर दिसतो. तो इंडियन टाइप फाउंड्रीचा, आणि त्यात पहिल्यापासून देवनागरी आहे! तरी आमची मंडळी त्यातली फक्त इंग्रजी अक्षरं लोड करतात आणि मराठी वाऱ्यावर सोडतात. घरात ताट वाढलेलं असताना बाहेर वडापाव शोधायचा प्रकार आहे हा. आयबीएमने २०१७ साली स्वतःचा प्लेक्स फॉन्ट आणला आणि त्या कुटुंबात देवनागरीही करवून घेतली. अमेरिकेतल्या कंपनीला आपली लिपी आठवली. हिंजवडीतल्या कंपनीला आठवत नाही.

चौथं: 'हा पाट्यांचा राजकीय विषय आहे, आम्ही त्यात पडत नाही.' काचा फोडणं ही गुंडगिरीच, तिचं समर्थन मी करत नाही. पण एक सांगा, हा विषय राजकारण्यांच्या हातात गेला कसा? डिझायनर, मॅनेजर आणि आमच्यासारखे इंजिनिअर यांनी आपलं काम केलं नाही म्हणून. जे काम आवडीने आणि कौशल्याने व्हायचं ते कायद्याने उंची मोजून करून घ्यावं लागलं. कायदा फार तर उंची मोजू शकतो. सौंदर्याचा कायदा करता येत नाही, ते आपल्यालाच करावं लागतं.

असो. नुसत्या शिव्या घालून उठायचं हा माझा स्वभाव नाही, म्हणून करायचं काय तेही सांगतो.

नवा ब्रँड करत असाल तर रोमन आणि देवनागरी नाव पहिल्या दिवसापासून एकाच कागदावर काढायला सांगा. एजन्सी म्हणाली 'मराठी आपण नंतर अ‍ॅडॉप्ट करू', तर दुसरी एजन्सी बघा. देवनागरी अक्षर रोमनची नक्कल करणारं नको. इंग्रजी 'S' उलटा करून 'ड' काढायचा अचाट प्रकारही नको. रेषेची जाडी, वळणाचा स्वभाव, वजन जुळलं पाहिजे, पण अक्षर स्वतःच्या हाडामांसाचं हवं. देवनागरी वळणात मुरलेल्या माणसाकडून ते करून घ्या. नावाचं मराठी स्पेलिंग एकदा ठरवा आणि लिहून ठेवा.

ब्रँड आधीच झालेला असेल तर ब्रँड बुकात चार पानं वाढवा. देवनागरी फॉन्ट कुठला, इंग्रजीच्या तुलनेत आकार किती (त्याच मापात देवनागरी बहुधा लहान दिसते, थोडी वाढवावी लागते), ओळींमधलं अंतर किती, अक्षरांमध्ये जादा अंतर अजिबात नाही, जोर द्यायला रंग की वजन. आणि चाचणीसाठी एक वाक्य ठेवा, ज्यात रफार, अनुस्वार, ळ, 'ऱ्या', जोडाक्षरं, आकडे सगळं येईल. 'दुसऱ्या वर्षी सर्वांनी ५० टक्के सवलतीत बाळासाठी वस्त्रं घेतली' असलं काहीही चालेल. हे वाक्य बटणावर, बिलावर, पाटीवर नीट बसलं की निम्मं काम झालं.

आणि छपाईला जाण्याआधी मजकूर मराठी वाचणाऱ्या माणसाला दाखवा. ऑफिसात तो असतोच. बहुतेक वेळा तोच सगळ्यात गप्प असतो.

हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम लिहिलंय. कारण ती मीटिंग तुम्हाला माहीत आहे. काचेची खोली, मोठा पडदा, पडद्यावर मराठी जाहिरात, त्यात वेलांटी भलतीकडे. तुम्हाला ते दिसलेलं असतं. शेजारच्या कुलकर्णीलाही दिसलेलं असतं. पण आपण गावंढळ ठरू, 'लँग्वेजवाला' ठरू, म्हणून दोघेही लॅपटॉपमध्ये डोकं घालता. इंग्रजीत अपॉस्ट्रॉफी चुकली की मात्र तोच कुलकर्णी सगळ्यांसमोर हात वर करतो.

या सोमवारी हात वर करा. एवढंच म्हणा, 'देवनागरीचं पान कुठे आहे?' आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.